फाटकाजवळची भट्टी बंद करणे व हायड्रोजनची चौकशी करणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सरकारी लाकूड आगार व दुरुस्ती कार्यशाळा,
मुक्काम शिवणटोला, जिल्हा चांदा, मुंबई राज्य.

अर्जदार : लटारू वल्द वारलू निकुरे, वेल्डर, राहणार शिवणटोला.

गैरअर्जदार : (१) झिंगू वल्द कोलू आत्राम, वेल्डर, हल्ली मुक्काम शिवणटोला.
(२) हायड्रोजन नावाचा वायू. बापाचे नाव व राहण्याचे ठिकाण माहीत नाही.

विषय : कार्यशाळेच्या फाटकाला लागून असलेली मुरमुऱ्याची भट्टी ताबडतोब बंद करणे, आणि एकट्या अर्जदाराच्याच जोडात शिरून लोखंड फोडणाऱ्या हायड्रोजनची चौकशी होऊन बंदोबस्त होणेबाबत.

संदर्भ : विंचच्या शाफ्टसंबंधी फळ्यावर लावलेला आपला हुकूम.

महोदय,

अर्जदार हात जोडून खालीलप्रमाणे निवेदन करतो.

१. अर्जदार या कार्यशाळेतला सर्वांत जुना वेल्डर आहे. डिझेलवर चालणारी वेल्डिंगची मशीन ट्रकवरून उतरली त्या दिवशी तिच्यापुढे नारळ अर्जदाराने फोडला आणि पहिली ठिणगीही अर्जदारानेच पाडली. तेव्हा हे राज्य मध्यप्रदेश होते, आता मुंबई झाले. साहेब लोक आले आणि बदलून गेले. नदीकाठून सागाचे ओंडके वर ओढणारी विंच, ट्रॉल्यांच्या कड्या, ट्रकांचे पाटे, जे मोडले ते अर्जदाराने जोडले. गावात कुणाच्या बैलगाडीची धाव तुटली तरी लोक अर्जदाराचेच दार वाजवीत. "लटारूभाऊनं डाग देल्ला का पुरे," असे म्हणत. आता तेच लोक अर्जदाराच्या दारावरून पुढे जातात आणि झिंगू आत्रामचे दार वाजवतात. जाताना मान खाली घालतात, एवढी लाज त्यांच्यात अजून शिल्लक आहे.

२. सदर झिंगू हा सिरोंच्याकडचा. त्याला सरकारने परप्रांतात एका मोठ्या कारखान्यात काम शिकायला धाडले होते. ही गोष्ट अर्जदारास मुळातच पटलेली नाही, कारण कुणाला धाडायचेच होते तर अर्जदारही इथेच उभा होता. झिंगू तेलुगू बोलतो, गोंडी बोलतो आणि मराठीही बोलतो. अर्जदाराचे म्हणणे असे की चांगल्या माणसाला एक भाषा पुरते. तो खिशात कंगवा ठेवतो. डोक्यावर वेल्डिंगचा टोप चढवायचा असताना कंगवा कशाला, हे अर्जदाराने फोरमनला विचारूनही पाहिले. त्याचा वेल्डिंगचा टाका माशाच्या खवल्यासारखा एकसारखा पडतो हे अर्जदार कबूल करतो, परंतु नुसत्या दिसण्यावर सरकारने जाऊ नये.

३. गेल्या उन्हाळ्यात विंचला नवा शाफ्ट आला. जुने लोखंड मऊ होते, कसेही जोडा, ऐकून घेत असे. हे नवे पोलाद कडक. त्याच्यासाठी जाड मसाल्याचे नवे रॉड आले. (रॉड म्हणजे वेल्डिंगची काडी, तिच्यावर मसाल्याचा लेप असतो. साहेबांस हे ठाऊक आहे, पण अर्ज साहेबांच्या वरच्या साहेबांकडे गेल्यास त्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून लिहिले.) पावसाळा लागला आणि शाफ्ट मोडला. अर्जदाराने तो जोडला. थंड झाल्यावर हातोडा मारून पाहिला, आवाज खणखणीत आला. फोरमन मान हलवून गेले. एक-दोन दिवस तो नुसता पडून होता, आणि मग पाहतात तो टाका जिथल्या तिथे, पण टाक्याला लागून असलेले मूळ लोखंड केसभर चिरलेले. पुन्हा जोडला, पुन्हा तेच झाले. त्यापुढच्या खेपेस चीर कुणाला दिसली नाही, विंच सुरू केली आणि ओंडका अर्ध्या चढावर आला असताना शाफ्ट कडाडला. ओंडका गडगडत खाली गेला. चौकीदार बुधू तंबाखू मागायला बाजूला गेला होता म्हणून वाचला. त्याची सायकल वाचली नाही. बुधूने त्या दिवसापासून अर्जदाराला तंबाखू देणे बंद केले आहे.

४. टाका शाबूत आणि बाजूचे लोखंड फुटते, यात अर्जदाराचा काय दोष? शिंप्याची शिवण टिकली आणि कापड फाटले तर कुणी शिंप्याला बोल लावत नाही. सबब अर्जदारास घातपाताचा संशय आला, आणि संशय घ्यायला या गावात माणूस एकच आहे. म्हणून अर्जदाराने तशाच पोलादाचा एक तुकडा जोडला, जोडाभोवती सुतळी गुंडाळली, तिच्यावर लाख वितळवून ओतली आणि तीत आपला अंगठा दाबला. दोन दिवसांनी लाखेवर अंगठा जसाच्या तसा होता आणि सुतळीखालून चीर पार आरपार गेली होती. झिंगू या मुदतीत रजेवर सिरोंच्याला होता. यावरून त्यात झिंगूचा हात नाही असे ओव्हरसियर साहेब म्हणतात. यावरून झिंगूचा हात फार लांब आहे असे अर्जदार म्हणतो. तुकडा लाखेसह या अर्जास दोरीने बांधला आहे, उचलताना जपावे.

५. तेव्हा ओव्हरसियर साहेबांनी अर्जदाराला बाकावर बसवून जे सांगितले, ते अर्जदाराच्या आठवणीप्रमाणे असे. रॉडच्या मसाल्यात ओल राहिली की वेल्डिंगच्या जाळात त्या पाण्याची फोड होते. त्यातून हायड्रोजन सुटतो. सगळ्या वायूंत हा सर्वांत लहान. लोखंड वितळलेले असते तेव्हा हा त्यात चहात साखर विरघळावी तसा विरघळतो, कुणाला पत्ता लागत नाही. लोखंड गोठू लागले की त्याला आत जागा पुरत नाही. काही निघून जातो, काही अडकतो. अडकलेला मात्र गप्प बसत नाही. आपल्याला लोखंड भरीव दिसते, त्याला ते तसे लागत नाही. तो कणाकणांमधून सावकाश सरकत राहतो. टाक्याच्या कडेचे लोखंड एकदम तापून एकदम थंड झाल्यामुळे कडक, ठिसूळ आणि आतून ताणलेले असते, तिथे जाऊन हा जमतो. मग सारे थंड झाल्यावर, कुणी हातही लावलेला नसताना, लोखंड आतून चिरते. म्हणूनच चीर त्याच दिवशी दिसत नाही. उपाय म्हणाल तर रॉड चांगले भाजून वाळवावे आणि गरम असतानाच वापरावे, जोडायचे लोखंडही आधी तापवावे, आणि जोडून झाल्यावर राखेत झाकून हळूहळू निवू द्यावे. म्हणजे हायड्रोजनला बाहेर पडायला सवड मिळते आणि तो कुणाचे काही न फोडता निघून जातो.

६. अर्जदाराने हे सर्व ऐकून घेतले, परंतु त्याच्या काही हरकती आहेत. जो कुणाला दिसत नाही त्याला ओव्हरसियर साहेबांनी कुठे पाहिले? दुसरे, पाऊस सगळ्या शिवणटोल्यावर सारखाच पडतो. असे असता हा वायू झिंगूच्या जोडात का शिरत नाही? अर्जदाराच्या लोखंडाशीच त्याचे काय नाते? तिसरे, जो ऊब असताना चोरपावलाने आत येतो, मालकाला न विचारता आत फिरतो आणि सगळे थंडावल्यावर घर फोडतो, त्याच्यावर खटला का होऊ नये? अर्जदारातर्फे हा अर्ज लिहिणाऱ्या दादाजी अर्जनवीसाने त्यासाठी कायद्यात कलम शोधून पाहिले. नेमके सापडले नाही. घरफोडीचे त्यातल्या त्यात जवळ जाते.

७. आता ओलीविषयी. साहेबांस कुणी ना कुणी सांगणारच, म्हणून अर्जदार आपण होऊन सांगतो. अर्जदार लहानपणी आरमोरीला विड्या वळत असे. तेंदूचे पान कोरडे वळायला घेतले की तडकते. म्हणून वळणारी माणसे पाने ओल्या गोणपाटात दडपून ठेवतात, मग पान मऊ येते आणि बोटाचे ऐकते. नव्या रॉडची पेटी उघडली तेव्हा दोन-चार रॉडचा मसाला पापुद्र्यासारखा सुटलेला अर्जदाराने पाहिला. कोरडा पडला म्हणून तडकला, असे अर्जदार समजला. त्याने सगळे रॉड ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या माठाखाली ठेवले, आणि रोज वरून पाणी शिंपडत गेला. लोखंड फुटू लागल्यावर ओल कमी पडते असे वाटून तो जास्त शिंपडू लागला. ओव्हरसियर साहेबांनी ते गोणपाट उचलून पाहिले आणि कपाळाला हात लावला. या भागातल्या कुठल्याही विडीवाल्याने हेच केले असते, एवढे साहेबांनी लक्षात घ्यावे.

८. ओव्हरसियर साहेबांनी सांगितल्यावर तरी रॉड का वाळवले नाहीत, असे साहेब विचारतील. अर्ज लिहिणारानेही तेच विचारले. त्यावर अर्जदार आधी इकडेतिकडे पाहू लागला, मग त्याने भट्टीची हकीकत सांगितली. ती अशी की, या दिवसांत शिवणटोल्यात वाळायला घातलेले धोतरही वाळत नाही. कार्यशाळेत टिनावर ठेवा, मशीनवर ठेवा, सगळे दमटच. साऱ्या गावात कोरडी आणि खरी तापलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे फाटकाजवळच्या भट्टीवरच्या कढईतली रेती. त्या रेतीत तांदूळ टाकला की पापणी लवायच्या आत फुटून मुरमुरा होतो. एक बाई तिथे मुरमुरे फोडते. मजूर नेतात, ट्रकवाले नेतात, साहेबांच्या बंगल्यावरही तेच जातात. पावसाळा लागल्यापासून झिंगू रोज सकाळी आपले रॉड कापडात बांधून तिथे येतो. पहिला घाणा निघाला की रॉड रेतीत गाडतो आणि शेजारच्या दगडावर बसतो. रॉड भाजेपर्यंत त्याला काही काम नसते. तो मुरमुरे खातो, वर कांदा आणि हिरवी मिरची मागून घेतो, आणि बोलत बसतो. मग गरम रेतीचा डबा भरून त्यात रॉड खुपसून घेऊन येतो, आणि त्याचा एकही जोड फुटत नाही.

९. काय बोलतो ते अर्जदारास मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. बाई हसते हे मात्र दिसते. अर्जदाराची जागा फाटकाच्या समोर आहे. टोपाच्या काळ्या काचेतून बाहेरचे काही दिसत नाही, म्हणून अर्जदार काच वर करून पाहतो, आणि पाहता पाहता हात चालू राहतो, मग ठिणगीचा उजेड उघड्या डोळ्यांत जातो. अर्जदाराचे डोळे लाल होऊन पाणी गळते आहे ते या कारणाने आहे. डोळ्यांची साथ आलेली नाही, दवाखान्याने उगाच गावात दवंडी पिटू नये. झिंगू त्या बाईला अक्का म्हणतो. अक्का म्हटल्याने रेती थंड होत नाही असे अर्जदाराचे म्हणणे आहे. ती बाई इतकी हसणारी आहे हे अर्जदाराला माहीत नव्हते. आजवर तिचे तोंड मिटलेलेच पाहिले होते.

१०. बाईचे नाव अर्जात लागते म्हणून अर्ज लिहिणाराने ते विचारले. अर्जदाराने जमिनीकडे पाहत सांगितले, वच्छला, जौजे लटारू निकुरे. अर्ज लिहिणाराने टाक खाली ठेवला. आरमोरीच्या बाजारात बसून त्याने बांधाचे, विहिरीचे, कोंबडीचे अर्ज लिहिले आहेत, पण नवऱ्याने बायकोची चूल विझवण्यासाठी सरकारकडे धाव घेतल्याचे त्याच्या पाहण्यात नाही. त्याने विचारले, "लटारूभाऊ, सोताच्या बायकोची भट्टी बंद करून राह्यले का तुमी?" अर्जदार म्हणाला, "हो." "अन् पोटाले काय लावसान?" त्यावर अर्जदाराचे शब्द असे : "पोटाचं मंग पाहू. पयले तो त्या दगडावरून उठला पायजे. माह्या जिवाची आग होते, दादाजी. दिसभर ठिनग्या अंगावर पडतेत, त्याचं काई वाटत नाई. ते हासते तवा भाजते." हे शब्द सरकारी कामाचे नाहीत, तरी अर्जदाराने ते गाळू दिले नाहीत.

११. दरम्यान साहेबांनी फळ्यावर हुकूम लावला की शुक्रवारी दोघा वेल्डरांनी त्याच शाफ्टच्या पोलादाचे एकेक तुकडे सर्वांसमक्ष जोडावे, ते साहेबांच्या खोलीत कुलपात राहतील, आणि सोमवारी ज्याचा तुकडा अखंड निघेल त्याच्याकडे विंचचे काम राहील. ज्याचा फुटेल त्याने मशीनला हात लावायचा नाही, त्याने ओंडक्यांवर हातोडीने नंबर ठोकणाऱ्या टोळीत जावे. साहेब, नंबर ठोकणे वाईट काम आहे असे अर्जदार म्हणत नाही. पण अर्जदार वेल्डर आहे. त्याच्या अंगावरचे चट्टे वेल्डरचे आहेत, त्याला सासऱ्याने मुलगी दिली ती वेल्डर म्हणून. टोप उतरवून तो त्याच फाटकातून रोज हातोडी घेऊन जाईल, आणि दगडावर बसलेला झिंगू त्याला पाहील, आणि तीही पाहील. हे अर्जदाराच्याने होणार नाही.

१२. सबब अर्जदाराची विनंती की, शुक्रवारच्या आत सदर भट्टी सरकारी हद्दीतून उठवावी, म्हणजे झिंगूचे रॉडही अर्जदाराच्या रॉडइतकेच ओले होतील आणि चाचणी न्यायाची होईल. ते न जमल्यास झिंगूस त्या दगडावर बसण्याची मनाई करावी, किंवा तो दगड तरी उचलून न्यावा. हायड्रोजन जर शिरणारच असेल तर दोघांच्या लोखंडात सारखा शिरेल अशी तजवीज व्हावी. सरकारला दोन्ही डोळे सारखे.

१३. येथवर मजकूर लिहून त्यावर कोर्टफीचे तिकीट चिकटवून झाल्यावर पुढील प्रकार घडला. तो अर्ज लिहिणाराने पाहिला म्हणून लिहिला आहे. वच्छलाबाई मुरमुऱ्याची टोपली घेऊन आज बाजारात आल्या होत्या. नवरा अर्जनवीसासमोर उकिडवा बसलेला पाहून त्या थांबल्या. "काऊन बसले इथी?" असे त्यांनी विचारले. अर्जदाराने अर्जावर हात ठेवला. त्या अर्ज लिहिणाराला म्हणाल्या, "वाचून दावा." दुसऱ्याचा अर्ज वाचून दाखवण्याची रीत नाही, परंतु त्यांचे नाव त्यात असल्याने अर्ज लिहिणाराने दाखवला. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकला. अर्ज लिहिणाराला वाटले, आता ही बाई टोपलीच याच्या डोक्यावर उपडी करील. तसे काही झाले नाही. त्या म्हणाल्या, "माहंई लिवा त्याच्यात." तो जबाब त्यांच्याच तोंडच्या बोलीत असा :

"माही भट्टी बंद करा, माही ना नाई. पन हेई लिवा. पानी लागला त्या दिशी मीच यायले मनली, का तुमचे रॉड दमट होऊन राह्यले, द्या इकडं, रेतीत ठेवतो. रेती तं तापलीच रायते. तं हे काय मनले? मने, माहे रॉड का मुरमुरे होत? बायकायच्या कढईत मी सरकारी सामान नाई टाकत. चार मानसायपुढं मनले. सारे हासले. झिंगू तिथंच उभा होता, तो नाई हासला. दुसऱ्या दिशी आला अन् मने, अक्का, माहे ठेवू का? विचारलं त्यानं. मी हो मनली. मंग रोज पुसते, अक्का, रेती पुरी तापली हे तुले कसं समजते? मी सांगतो, चार दाने टाकून पाहाचे, तडतड झाली तं झाली. तो मने, आमच्या कारखान्यात याच्यासाठी मशीन होती. मले हासू येते. इतके वर्स झाले रेती तापवून राह्यली, मले कोनी काई पुसलं नव्हतं. यायनं तं कधीच नाई."

अर्ज लिहिणाराने विचारले, "बाई, आता यायनं रॉड आनले तं?" वच्छलाबाईंनी टोपली डोक्यावर घेतली. "विचारलं तं ठेवीन," त्या म्हणाल्या. "मी मातर आता आपल्या तोंडानं नाई मननार. एक डाव मनून पाह्यली." आणि त्या बाजारात गेल्या. नवऱ्याकडे त्यांनी मागे वळून पाहिले नाही, गिऱ्हाईक हाक मारीत होते.

१४. पाऊस आला, अर्ज लिहिणाराने कागद सावरले, तरी अर्जदार उठला नाही. शेवटी तो म्हणाला की चार माणसांपुढे हे बोलणे झाले हे खरे आहे, पण ते इतके लागेल हे कुणाला माहीत होते. मग अर्जदार म्हणाला की वरचा बाराव्या कलमातला मजकूर खोडा. चिकटवलेले तिकीट सुटत नाही आणि त्यासाठी दुसरा कागद करण्याची अर्जदाराची तयारी नाही, म्हणून त्या मजकुरावर नुसती आडवी रेघ मारली आहे. रेघेखालून तो वाचता येतो, साहेबांनी वाचू नये.

१५. अर्जदाराची आता विनंती एवढीच आहे. चाचणी शुक्रवारी, म्हणजे उद्या सकाळी, फाटक उघडताच ठेवली आहे. ती एक दिवस पुढे न्यावी. उद्या सकाळी मजूर मुरमुरे घ्यायला जमतात त्या वेळी अर्जदारास भट्टीवर जाऊन आपल्या बायकोला एक गोष्ट विचारायची आहे. घरी विचारून भागणार नाही, कारण नकार घरी दिलेला नव्हता. त्या वेळी झिंगू आत्रामला दुसऱ्या कामावर धाडावे असे अर्जदार आधी म्हणाला होता. मग थोड्या वेळाने म्हणाला की नको, असू द्या त्याला दगडावर, तो तेव्हाही होता. हे बोलताना अर्जदाराचा चेहरा मिरची चावल्यासारखा झाला होता, पण बोलला. ती हो म्हणाली तर रॉड भाजायला वेळ लागेल, आणि त्यानंतर तुकडा जोडता येईल. नाही म्हणाली तर अर्जदार मुकाट्याने हातोडी घेईल, त्याबद्दल पुन्हा अर्ज करणार नाही.

एका गोष्टीचा साहेबांनी विचार करावा. अर्जदाराने लग्न झाल्यापासून बायकोला पुष्कळ सांगितले आहे, विचारलेले काही नाही. सवय नाही. उद्याच्या दिवसात तोंडातून शब्द न निघाल्यास आणखी एक दिवस मिळावा.

साहेबांच्या सवलतीची वाट पाहणारा,

लटारू वारलू निकुरे
(सही केली आहे)

अर्ज लिहिणार : दादाजी, अर्जनवीस, आरमोरी बाजार.

तारीख २१ ऑगस्ट १९५८, गुरुवार.